बाभळीचा काटा आणि शॉकअपचा मोह

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, तेव्हा इथल्या सायकलच्या दुकानात मोठ्या माणसासाठी दोनच जाती मिळत. एक काळी, 28 इंची चाकांची, दांड्याच्या ब्रेकची. दुधाच्या कॅनपासून युरियाच्या गोणीपर्यंत सगळं वाहणारी. दुसरी रंगीत, सरळ हँडलची, 26 इंची जाड टायरची. या दुसऱ्या जातीत हीरोची ‘रेंजर’ एवढी गाजली की कंपनी कुठलीही असो, पोरं तिला रेंजरच म्हणत. काळी बापाची आणि रेंजर पोराची, अशी घरोघरी वाटणी असे.

रेंजरच्या जातीत टायर आणि हँडल तेवढं डोंगराचं, बाकी सगळं काळ्या सायकलचं. गिअर नाही. त्या काळच्या साध्या सायकलींचा हिशेब साधारण पुढे 44 दात, मागे 18 असा. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल पाच मीटर पुढे. सपाटीवर हे उत्तम. पण वाशिम सपाट नाही, रेल्वेच्या खिडकीतून वाटत असलं तरी. तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधला पाणलोटाचा उंचवटा याच जिल्ह्यातून जातो. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेमार्गे तापीला मिळते, पूस आणि अडाण पैनगंगेकडे वळून गोदावरीच्या होतात. त्यामुळे गावाबाहेरची कुठलीही वाट तासाभरात एकदा तरी चढते आणि एकदा तरी ओढ्यात उतरते. चढ आला की रेंजरवाला उतरून चालू लागे, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

वाटा तीन प्रकारच्या. पहिली पांदण: दोन बाजूंना धुरे, मध्ये बैलगाडीच्या आणि पुढे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. दुसरा मुरमाचा बरड, टेकड्यांच्या माथ्यावरचा. सायकलीला याच्यासारखी जमीन नाही. तिसरी काळी माती, आणि तिच्याशी कुणाचंच चालत नाही. एक पाऊस पडला की ही माती टायरला चिकटते, मडगार्डच्या आत ठासून बसते, ब्रेकच्या चिमट्यात भरते, आणि पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग काडीने खरवडा, दहा पावलं जा, पुन्हा खरवडा. शेवटी सायकल खांद्यावर. कोकणातल्या लाल चिखलातून सायकल चालवलेल्यांना हे सांगून पटत नाही.

आणि काटा. वऱ्हाडात जनावरांनी पिकात शिरू नये म्हणून धुऱ्यावर बाभळीच्या, बोरीच्या काट्या तोडून टाकतात. त्या वाळतात, वाऱ्याने पांदणीत येतात, चाकाखाली चुरडतात. बाभळीचा पांढरा, सरळ, दोन इंची काटा टायरमध्ये शिरतो आणि आत मोडून राहतो. पंक्चर काढलं, ट्यूब बसवली, हवा भरली की तेच टोक पुन्हा तिथेच टोचतं. म्हणून जुना मिस्त्री ट्यूबच्या आधी टायर उलटा करून आतून बोट फिरवायचा. जमिनीलगत पसरणारा सराटा वेगळाच, तो एका दमात चार भोकं पाडतो.

डोंगरावर सायकल चालवण्याच्या ज्या खेळासाठी ही रेंजरची जात जन्मली त्याची सुरुवातही काटकसरीतूनच झाली होती. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली पोरं 1930-40 च्या दशकांतल्या जड, जाड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून उचलून डोंगरावरून सोडत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी शर्यत लावली. उतार असा की मागच्या आटेतल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघे आणि दरवेळी ते नव्याने भरावं लागे. शर्यतीचं ‘रीपॅक’ हे नाव त्यातूनच आलं. 1977 मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने मुद्दाम डोंगरासाठी फ्रेम बनवली, 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ कारखान्यातून मोठ्या संख्येने निघाली. या सगळ्यांनी आधी काय बदललं? ब्रेक आणि गिअर. पुढचा शॉकअप बाजारात आला तो 1990 च्या सुमारास. म्हणजे दीडेक दशक लोक डोंगर उतरत होते ते शॉकअपशिवाय.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. दोन हजार सालानंतर वाशिमच्या, कारंजाच्या दुकानांत जी लाट आली ती शॉकअपची. आधी पुढे, मग पुढे-मागे दोन्हीकडे. मधल्या लाल स्प्रिंगवर पोरांचा जीव जडायचा. मोटारसायकलला आहे ते सायकलला मिळतंय, तेही साध्या सायकलपेक्षा पाच-सातशे रुपये जास्त टाकून! दुकानदार सीटवर हात दाबून दाखवायचा आणि सौदा व्हायचा. आमच्या मिस्त्रीने मात्र पहिल्याच दिवशी निकाल दिला होता: “भाऊ, हे शॉकप नोहे, नुसती स्प्रिंग हाये.”

त्याचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. खऱ्या शॉकअपमध्ये दोन कामं होतात. स्प्रिंग दणका झेलते, आणि तेलातून जाणारा दांडा ती स्प्रिंग परत उसळताना तिला आवरतो. स्वस्तातल्या शॉकअपमध्ये पहिलंच काम असतं. त्यामुळे चाकोरीतून जाताना हँडल घोड्यासारखं उडतं, चढावर पायडल मारताना अर्धी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते, आणि नुसता पुढचा चिमटा अडीच किलोच्या आसपास भरतो. मागची स्प्रिंग तर सांध्यांसकट येते. त्या सांध्यांत धूळ गेली की दोन हंगामांत सगळं खडखडायला लागतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बाजाराने प्रत्येक वेळी हेच केलं: जे दुकानात उभं राहून दिसतं ते वाढवलं आणि जे दिसत नाही त्यात काटछाट केली. आधी जाड टायर, मग शॉकअप, मग डिस्क ब्रेक, मग 21 गिअरचा आकडा, मग चार इंची फॅट टायर.

न दिसणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर मागच्या आटेचा, म्हणजे हबचा. स्वस्त गिअरवाल्या सायकलीत सात चक्रांचा फ्रीव्हील आटेवर स्क्रूसारखा बसतो. त्यासाठी जागा करायची म्हणून उजवीकडची बेअरिंग बरीच आत जाते आणि अ‍ॅक्सलचा तेवढा तुकडा आधाराशिवाय लोंबकळत राहतो. ओढ्यात उतरताना दोन-चार धक्के बसले की तो वाकतो, मग चाक लहरतं, गिअर घसरतात, आणि मालक गिअरला शिव्या देत बसतो. शिमानो कंपनीने 1978 मध्येच याच्यावर उपाय काढला होता: बेअरिंग अगदी बाहेरच्या टोकाला नेणारा फ्रीहब, ज्यावर कॅसेट सरकवून बसवतात. तो आपल्या बजेटमध्ये यायला चाळीस वर्षं लागली. आजही पंधरा हजारांच्या आतली गिअरची सायकल घेताना बहुधा फ्रीव्हीलच पदरात पडतो. दुकानात मागे सात चक्रं दिसली तर आत फ्रीव्हील आहे असं धरून चालावं, आणि आठ-नऊ दिसली तरी विचारून घ्यावं.

तरीही गिअर आले ते चांगलंच झालं, त्याबद्दल कुरकुर नाही. पुढचं लहान चक्र 24 दातांचं, मागचं मोठं 28 चं, म्हणजे एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर पुढे. जिथे रेंजरवाला उतरायचा तिथे हा बसूनच चढायला लागला. 21 गिअरपैकी वापरात सहा-सात, हा भाग निराळा.

2005 मध्ये फायरफॉक्सच्या सायकली आल्या, 2015 मध्ये ती कंपनी हीरो सायकल्सकडे गेली. डेकॅथलॉनची दुकानं 2013 नंतर सामान्य गिऱ्हाइकाला खुली झाली. नागपूरला गेलेला माणूस येताना तिथली रॉकरायडर सायकल बघून येऊ लागला, आणि इथे पहिल्यांदा लोकांना कळलं की सायकलीला माप असतं. तोवर ‘मोठ्याची’ आणि ‘पोराची’ एवढेच दोन साइझ. साडेपाच फुटी माणसाने दोन्ही पायांमध्ये फ्रेमची वरची नळी घेऊन उभं राहिलं तर वर दोन-तीन बोटं जागा उरावी, हे साधं माप आम्ही कधी घेतलंच नव्हतं. ऑनलाइन खरेदीने पुन्हा मागे नेलं. खोक्यात अर्धवट जोडलेली सायकल यायची, आणि आतला कागद न बघता जोडल्यामुळे पुढचा चिमटा उलटा बसवलेल्या, डिस्कचा ब्रेक भलत्याच बाजूला आलेल्या सायकली जिल्हाभर फिरताना दिसायच्या. अजूनही एखादी दिसते.

2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि विदर्भातल्या चाळिशीच्या माणसांना सायकल घ्यायला निमित्त मिळालं. बहुतेकांनी हायब्रिड घेतली, डांबरी रस्त्यापुरती. ती माणसं पांदणीत उतरली ती समृद्धी महामार्गाच्या कामाच्या दिवसांत. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून मुरमाचे उंच भराव पडत होते, आणि सुटीच्या दिवशी काम बंद असलं की ते भराव म्हणजे आयता ट्रॅक. 11 डिसेंबर 2022 रोजी शिर्डी ते नागपूर रस्ता सुरू झाला आणि त्यावर दुचाकीला बंदी आली. भरावाच्या कडेने ट्रॅक्टरसाठी राहिलेल्या वाटा मात्र उरल्या.

मधे टाळेबंदी येऊन गेली. 3 जून 2020, जागतिक सायकल दिन. त्याच दिवशी अ‍ॅटलस सायकल कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला. आणि त्याच महिन्यांत शहरांत सायकली मिळेनाशा झाल्या, कारण जिम बंद आणि माणसं घरात कोंडलेली. सुटे भाग महाग झाले, किमती वाढल्या. कमी बजेटवाल्याचं यात नुकसान झालं असं वाटेल, पण फायदाच झाला, फक्त दोन वर्षं उशिरा. पुण्या-नागपुरातल्या गच्च्यांवर, पार्किंगमध्ये पडलेल्या त्या सायकली 2022 पासून निम्म्या किमतीत विकायला निघाल्या. कॅसेटचा हब, ऑइलचे ब्रेक, बरी फ्रेम, आणि चालवणं फारसं झालेलं नाही. पुण्याहून रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत पुढचं चाक काढून ठेवली की सकाळी वाशिमला. माझ्या मते या पंचवीस-तीस वर्षांतला हाच सर्वांत चांगला सौदा होता, आणि तो अजून पूर्ण संपलेला नाही.

जुनी घेताना एक पट्टी खिशात ठेवावी. साखळीच्या बारा जोडकड्या नवेपणी बरोबर 12 इंच भरतात. पिनेपासून पिनेपर्यंत माप 12 इंचांच्या वर एक दोरा, म्हणजे अष्टमांश इंच गेलं असेल तर साखळीबरोबर मागची चक्रंही गेली. तेवढे पैसे किमतीतून वळते करून घ्यावेत. फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः हँडलच्या खाली, रंगाला केसासारखी चीर असेल तर सौदाच करू नये.

ऑइलच्या ब्रेकची एक गोष्ट सांगायलाच हवी. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं. गाडीचं ब्रेक ऑइल वेगळं, ते यात घातलं की आतली रबरं फुगतात आणि लिव्हर कायमचा बसतो. तालुक्याच्या गावात मिस्त्रीजवळ गाडीचंच ऑइल असतं, आणि तो ते आपुलकीने, पैसे न घेता घालून देतो! म्हणून 50 मिली मिनरल ऑइलची बाटली घरात असलेली बरी. ती जमत नसेल तर केबलचा डिस्क ब्रेक घ्यावा. चिखलात रिमच्या ब्रेकपेक्षा तो केव्हाही सरस, आणि केबल कुठेही मिळते.

काट्यावर खरा तोडगा गेल्या काही वर्षांत हाती आला तो ट्यूबलेसचा. रिमला टेप, टायरमध्ये पांढरं सीलंट. काटा घुसला की फुस्स होऊन दोन फेऱ्यांत भोक बुजतं. फक्त आपल्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात ते सुकतं लवकर, दोन-अडीच महिन्यांनी नवं ओतावं लागतं. ट्यूबच ठेवायची असेल तर 2.1 ते 2.3 इंची टायर आणि हवा 30-35 पीएसआय. पंपावर मिस्त्री 60 पर्यंत टणक करून देतो, ती डांबरावर चांगली पण बरडावर दात हलवणारी. चार इंची फॅट टायर पांदणीसाठी घेऊ नये. वाळूवर त्याचं ठीक आहे, काळ्या मातीत ते दुप्पट माती उचलतं.

हे सगळं हौसेपोटी फिरणाऱ्यांचं झालं. जिल्ह्यातल्या कच्च्या वाटांवर रोज सायकल चालवणारा सर्वांत मोठा गट आहे शाळकरी मुलींचा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी आधी 3,500 रुपये मिळत, 2022 मध्ये ते 5,000 झाले. साधी सायकल, पुढे जाळीची टोपली, गिअर नाही, आणि दप्तरासह एखादी मैत्रीण मागे. त्या सायकलींचे अ‍ॅक्सल फारसे वाकत नाहीत, कारण मागे एकच चक्र असतं आणि बेअरिंग जागच्या जागी.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. करासकट 20,000 ला मिळणारी सायकल त्या हिशेबाने 18,750 च्या घरात बसते. वाचलेल्या साडेबाराशेत दोन बरे टायर येत नाहीत, एक येतो; तो आधी मागे बसवावा. नवी घ्यायची आणि वीस हजारच खर्चायचे असतील तर शॉकअप नसलेली किंवा निदान त्याला लॉक असलेली, डिस्क ब्रेकची, आपल्या मापाची फ्रेम बघावी. आणि घेण्याआधी आपल्या गावातल्या मिस्त्रीला फोन करून विचारावं की 27.5 किंवा 29 इंची चाकाची ट्यूब त्याच्याकडे असते का. नसेल तर दोन जास्तीच्या ट्यूब त्याच दुकानातून बांधून आणाव्यात. खरेदी सोयाबीन निघाल्यावर करावी, तेव्हा हातात पैसा असतो, पांदण वाळलेली असते, आणि धुऱ्यावर नव्या काट्या अजून पडलेल्या नसतात.