चालत्या संगणकाची दुरुस्ती

ठाणे खाडी आणि पारसिकचे डोंगर यांच्यामधील पट्ट्यात, ठाणे-बेलापूर मार्गालगत तळवली हे गाव वसले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईची उभारणी सुरू झाली, तेव्हा हा पट्टा प्रामुख्याने कारखान्यांचा म्हणून ओळखला जाई. आज तळवलीच्या आसपास रबाळे, ऐरोली व महापे येथे मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. बँकांचे व्यवहार, तिकिटांचे आरक्षण, रुग्णालयांतील नोंदी अशी कामे अशा केंद्रांतील संगणकांवर अहोरात्र चालतात.

या संगणकांच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हा सर्व कामांचा नियंता होय. त्यात एखादा सुरक्षाविषयक दोष आढळला तर तो तत्काळ दूर करणे अगत्याचे असते. अन्यथा त्या वाटेने परक्याला संगणकात शिरकाव करता येतो. दुरुस्तीची रूढ रीत म्हणजे नवा गाभा बसवून संगणक पुन्हा सुरू करणे. परंतु मोठा संगणक पूर्ववत कामास लागण्यास कित्येक मिनिटे जातात आणि तोवर त्यावरील सेवा खंडित होते. म्हणून चालत्या गाभ्यातच दुरुस्ती करण्याचे तंत्र विकसित झाले.

एक स्मृती, अनेक वाचक

१९९१ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकात प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र स्मृती होती व ते परस्परांना संदेश पाठवून काम करीत. आजच्या सर्व्हर संगणकात मात्र अनेक प्रोसेसर एकाच स्मृतीतील एकच गाभा वाचत असतात. अडचण येथेच उद्भवते.

इंटेल धर्तीच्या प्रोसेसरमध्ये एका आज्ञेची लांबी १ ते १५ बाइट असते. समजा, ५ बाइटांच्या आज्ञेच्या जागी ‘अमुक ठिकाणी जा’ अशी तेवढ्याच लांबीची नवी आज्ञा लिहावयाची आहे. पहिला बाइट ‘जा’ असे सांगतो आणि उरलेले चार ठिकाण दर्शवितात. लेखन अर्धवट असताना दुसऱ्या प्रोसेसरने ती आज्ञा वाचली, तर ‘जा’ हा शब्द नवा आणि ठिकाण मात्र जुन्या बाइटांचे, असा प्रकार होतो. प्रोसेसर भलत्याच जागी पोहोचतो आणि सारा संगणक कोलमडतो. शिवाय प्रोसेसर पुढील आज्ञा आगाऊ वाचून ठेवीत असल्याने स्मृतीत बदल झाला तरी त्याच्याजवळ जुनीच प्रत असू शकते.

मेगाब्लॉक आणि लाल बावटा

यावर पहिला उपाय म्हणजे एक प्रोसेसर वगळता इतर सर्वांना क्षणभर थांबविणे, बदल लिहिणे आणि मग सर्वांना पुन्हा सोडणे. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये गाड्या बंद ठेवून रूळ बदलतात, तसाच हा प्रकार. तो सुरक्षित आहे. पण प्रोसेसरांची संख्या वाढते तसे सर्वांना एकाच वेळी थांबविणे महाग पडते.

दुसरी रीत लाल बावट्याची आहे. इंटेल धर्तीच्या प्रोसेसरांसाठी लिनक्स गाभ्यात ती वापरली जाते. या प्रोसेसरांत केवळ १ बाइटाची एक ‘थांबा’ आज्ञा असते. प्रथम जुन्या आज्ञेच्या पहिल्या बाइटावर ती लिहिली जाते. नंतर प्रत्येक प्रोसेसरला सूचना पाठवून, त्याने आगाऊ वाचलेले टाकून दिल्याची पोच घेतली जाते. मग मागील चार बाइट बदलले जातात व पुन्हा पोच घेतली जाते. शेवटी ‘थांबा’च्या जागी नव्या आज्ञेचा पहिला बाइट येतो आणि तिसऱ्यांदा पोच घेतली जाते. मधल्या काळात एखादा प्रोसेसर बावट्यापाशी आलाच, तर गाभ्यातील एक विशेष भाग नव्या आज्ञेचे काम स्वतः पार पाडून त्याला पुढे सोडतो. अर्धी आज्ञा कोणाच्याही वाट्यास येत नाही आणि सर्वांना एकदम रोखावेही लागत नाही.

जुन्या कामाची अखेर

एक आज्ञा बदलली म्हणजे दुरुस्ती संपली असे नव्हे. बहुधा सदोष फंक्शनच्या आरंभी राखून ठेवलेल्या जागेत नव्या फंक्शनकडे नेणारी आज्ञा लिहिली जाते. पण त्या वेळी काही कामे जुन्या फंक्शनच्या मध्यावर असतात. जुन्या पद्धतीत दोन कुलुपे एका क्रमाने व नव्या पद्धतीत उलट क्रमाने लावली जात असतील, तर दोहोंची सरमिसळ होताच दोन्ही कामे एकमेकांची वाट पाहत कायमची अडकतील.

चालू गाभ्याच्या दुरुस्तीचे ‘केस्प्लाइस’ हे तंत्र अमेरिकेतील एमआयटीमध्ये २००८ साली पुढे आले. २०१४ साली ‘केपॅच’ व ‘केग्राफ्ट’ या दोन स्वतंत्र पद्धती आल्या. पहिली सर्वांना थांबवून प्रत्येक कामाच्या परतीच्या पत्त्यांची तपासणी करी, तर दुसरी प्रत्येक काम गाभ्यातून बाहेर पडताना त्यास नव्या पद्धतीवर नेई. २०१५ साली लिनक्स गाभ्यात या तंत्राचा सामाईक पाया घातला गेला आणि २०१७ साली दोहोंतील गुणांचा मेळ त्यात आला. आता एकेक काम, ते जुन्या फंक्शनमध्ये नाही याची खात्री झाल्यावरच, नव्या पद्धतीवर नेले जाते. एखादे काम आत झोपून राहिले तर संक्रमण लांबते. सक्तीने ते उरकणे धोक्याचे ठरते.

या तंत्रालाही मर्यादा आहेत. माहितीची मांडणीच बदलावयाची असेल, तर संगणक पुन्हा सुरू करणे बहुधा श्रेयस्कर ठरते. मात्र किरकोळ वाटणाऱ्या पण घातक दोषांसाठी हे तंत्र सेवेची व सुरक्षेची सांगड घालते. लिनक्सचा मूळ मजकूर सर्वांस खुला असल्याने, ही पद्धती अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ओळीओळीने वाचून अभ्यासता येते. शेकडो कामे एकाच वेळी चालू असताना बदलाची सुरक्षितता वेगावर नव्हे, तर क्रमावर आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेल्या पोचेवर अवलंबून असते, हेच या तंत्राचे सार होय.