म्हाताऱ्या माणसाची झोप आणि रात्रीचे पाणी



लागण, खत, खोडवा यांवर या पानातून आपण नेहमी बोलतो. आज घरातल्या वडीलधाऱ्यांच्या झोपेविषयी. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण त्याचे मूळ उसाच्या सरीतच आहे.

"म्हातारपणी झोप लागत नसतीच" असे म्हणून आपण गप्प बसतो. हे अर्धेच खरे. वय झाले की झोप सावध होते, पहाटे लवकर मोडते. पण पासष्टीनंतरही सात-आठ तास झोप लागतेच. ती रोज मोडली तर रक्तदाब वाढतो, विसरभोळेपणा येतो, तोल जातो. पडून खुब्याचे हाड मोडले की चालता माणूस अंथरुणाला खिळतो.

आपल्याकडे कृषिपंपाची वीज वर्षानुवर्षे पाळीने आली, कधी दिवसा, कधी रात्री. पोरं नोकरीधंद्याला बाहेर. मग बॅटरी घेऊन दारं धरायला उठतो तो म्हातारा. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. पाळी फिरली की ते बिघडते, आणि उतारवयात पुन्हा जुळवून घेणे जड जाते. जुळतंय तोवर पाळी परत फिरते!

दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, २०२३ साली तिचा पुढचा टप्पा आला. तरी जिथे रात्रीची पाळी आहे तिथे पाण्याला तरण्या माणसाने जावे, नाहीतर शेजाऱ्याशी सावड करावी. ठिबक असेल तर दारं धरण्याचा प्रश्नच नाही.

घरात एवढे पाळा. दुपारची डुलकी अर्ध्या तासाचीच. संध्याकाळनंतर चहा, तंबाखू, मिश्री नको. सकाळी उन्हात फिरणे. लघवीला जायच्या वाटेवर दिवा ठेवा. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. तिने तोल जातो. मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर ते दुखणे आहे. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात दाखवा.

उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याआधी विहिरीच्या पाण्यावर ज्यांनी रान जगवले, तीच ही माणसं. पुढच्या रात्रपाळीला कोण जाणार, हे आजच घरात बसून ठरवा.

— ऊस विकास अधिकारी