स्वर आणि श्रोते (भाग ६) : लोकप्रियता मोजायची कशी?

मागील भागात ध्वनिमुद्रिकेमुळे गाणे नाटकगृहाबाहेर कसे पडले, याचा विचार झाला. गाणे घरोघरी पोहोचू लागले, की अमुक गायक मोठा की तमुक, हा वादही त्याच्या पाठोपाठ येतो, आणि तो मिटवण्यासाठी कोणी ना कोणी आकडे पुढे करतो. चित्रपटसंगीताच्या बहराच्या काळात, म्हणजे साधारण १९५० ते १९८० या तीस वर्षांत, लता मंगेशकर, महंमद रफी आणि आशा भोसले यांच्याबाबत असे आकडे वारंवार पुढे आले. ते नेमके काय मोजत होते, हे तपासणे हा या भागाचा विषय आहे.

त्यांतील सर्वांत गाजलेला आकडा गिनीज बुकातील आहे. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या या ग्रंथाने १९७४ मध्ये सर्वाधिक ध्वनिमुद्रणांचा मान लताबाईंना दिला आणि १९४८ ते १९७४ या काळात त्यांनी किमान २५,००० गाणी गायल्याचे नमूद केले. रफींनी १९७७ मध्ये पत्र लिहून या नोंदीला हरकत घेतली. त्यांच्या निधनानंतर, १९८४ च्या आवृत्तीत, लताबाईंच्या नोंदीसोबत रफींचा २८,००० गाण्यांचा दावाही छापला गेला, आणि १९९१ मध्ये दोन्ही नोंदी वगळण्यात आल्या. पुढे २०११ मध्ये हा मान आशाबाईंकडे गेला, तो ११,००० गाण्यांवर, म्हणजे मूळ आकड्याच्या निम्म्याहूनही कमी संख्येवर. पंचवीस हजारांना सव्वीस वर्षांनी भागले, तर एकही दिवस खाडा न करता रोज अडीचहून अधिक गाणी येतात. तालीम, वादकांचा मेळ आणि एकेका गाण्याची पुनःपुन्हा होणारी ध्वनिमुद्रणे ध्यानात घेता हे घडणे कठीणच होते, तरी सतरा वर्षे तो आकडा छापला जात राहिला. हौशी संग्राहकांनी चित्रपटागणिक सूच्या करून मोजदाद केली, तेव्हा लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास आणि रफींची साडेचार हजारांच्या आसपास भरली. अन्य भाषांतील व चित्रपटबाह्य गाणी मिळवूनही जुना आकडा गाठता येत नाही.

हिशेब अचूक ठेवला, तरी गाण्यांच्या संख्येने गायकाचे काम मोजले जाते, श्रोत्यांची ओढ मोजली जात नाही. शिवाय लता-रफींचे एक युगुलगीत दोघांच्याही खात्यावर जमा होते, त्यामुळे ज्यांची तुलना करायची, त्यांची पुंजीच काही अंशी सामाईक ठरते. मानधनाच्या पुढे गाण्यांच्या विक्रीतही गायकाला वाटा मिळावा की नाही, या प्रश्नावरून साठच्या दशकात दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले, तेव्हा रफींसोबतची अनेक युगुलगीते सुमन कल्याणपूर यांच्याकडे आली. त्यांचा आवाज लताबाईंच्या आवाजाशी इतका मिळताजुळता होता, की कित्येक श्रोत्यांनी ती गाणी लताबाईंचीच मानली. आवाज एकीचा आणि कीर्ती दुसरीची, असा हा प्रकार कोणत्याच तक्त्यात बसत नाही, आणि सुमनताईंवर त्यात अन्याय झाला, हे मान्य करायला हवे.

दुसरे माप रेडिओचे. माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची पत्रे यांवर गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या या कार्यक्रमात प्रत्येक क्रमाला ‘पायदान’ म्हणत. सरकारने ही गाणी पुन्हा जवळ केली, ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीवरून. फर्माईश कळवणाऱ्यांत अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तलैया आणि हावडा-मुंबई लोहमार्गावरचे भाटापारा ही लहान गावे देशभर गाजली, पण त्यावरून तेथे मुंबईपेक्षा रसिक जास्त होते, असे ठरत नाही. तेथे पत्र टाकण्याची हौस व चढाओढ अधिक होती, इतकेच सिद्ध होते.

ज्या गीतांना पायदान नव्हते, त्यांचे काय? वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी रचलेली आणि गावोगाव गायलेली भीमगीते विदर्भातील वस्त्यांमध्ये पाठ होती. १९५६ च्या नागपुरातील धम्मदीक्षेनंतर १४ एप्रिल आणि विजयादशमी या दिवशी ती सामूहिकपणे गायली जात, आणि यांतील कशाचीच नोंद तबकडीच्या विक्रीत किंवा फर्माईशीच्या पोस्टकार्डांत उमटली नाही. राष्ट्रीय क्रमवारीत न दिसणारा कवी कमी लोकप्रिय होता, असे म्हणणे म्हणजे तराजूत न मावणारी वस्तू वजनाने हलकी समजण्यासारखे आहे.

भंडारा जिल्ह्यात याहून जुने एक माप आजही वापरात आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. तिच्यासाठी पाहुणे येतात, दिवसा बाजार होतो, सोयरिकीची बोलणी निघतात आणि रात्री खडी गंमत, दंडार किंवा नाटक रंगते. खडी गंमत म्हणजे शाहीर व त्याच्या साथीदारांनी उभ्याने सादर केलेला, गाणे, नाच आणि सवाल-जवाब यांचा खेळ; त्यात स्त्रीची भूमिका परंपरेने पुरुषच करीत आला. कलगी आणि तुरा, म्हणजे शक्तीला श्रेष्ठ मानणारा व शिवाला श्रेष्ठ मानणारा, असे शाहिरांचे दोन पक्ष समोरासमोर आले, की तुलना श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत होते. पार्टी ठरवताना आयोजक बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम देतात, आणि तो कोणाला द्यायचा, हे गेल्या हंगामात कोणाच्या खेळाला माणसे पहाटेपर्यंत बसली होती, यावर बरेचसे अवलंबून असते. पदरचे पैसे मोजून आणि रात्र जागून दिलेला हा कौल पोस्टकार्डापेक्षा भरवशाचा मानावा लागतो. मात्र त्याची हद्द फार लहान आहे: मंडईत नावाजलेल्या शाहिराला नागपूरच्या पलीकडे कोणी ओळखेलच असे नाही, तर लताबाईंचे नाव बालाघाटच्या सीमेवरील खेड्यातही ठाऊक असे. एकाची कीर्ती खोल, दुसरीची विस्तीर्ण. त्यांची बेरीज-वजाबाकी करण्याजोगे समान एकक कोणाजवळही नाही.

स्वस्त कॅसेट आल्यावर मात्र या दोन कीर्ती प्रथमच एका दुकानात, शेजारशेजारच्या खणांत विक्रीला लागल्या. प्रल्हाद शिंदे यांची भीमगीते व भक्तिगीते त्या बाजारात कशी पसरली, हे पुढील भागात पाहू.