परीक्षेचा ताण आणि बोटांचा दाब

परीक्षा जवळ आली म्हणजे बार्शींत विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्यांतून रात्रीं उशिरांपर्यंत दिवे जळूं लागतात. खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेला मुलगा मान खालीं घालून तासन् तास वाचतो, झोप मोडतो, जेवणाची वेळ चुकवितो. आणि मग कपाळाभोंवतीं पट्टा आवळल्याप्रमाणें त्याचें डोकें दुखूं लागतें. हें दुखणें बहुधा ताणाचें असतें. मान व खांदे यांचे स्नायू आंखडतात, छाती धडधडते, श्वास उथळ होतो. चिंता वेदनेला आणि वेदना चिंतेला वाढवीत जाते.

अशा वेळीं बोटांनीं दाब देण्याचा जो उपाय सुचविला जातो, त्याला ॲक्युप्रेशर म्हणतात. त्याचें मूळ चिनी वैद्यकांत आहे. सुई टोंचून करावयाचें ॲक्युपंक्चर हें त्याचें थोरलें भावंड. या विद्येच्या भारतांतील आगमनाशीं सोलापूरच्या एका सुपुत्राचें नांव जोडलेलें आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं ज्या भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, त्यांतच डॉ. बिजॉय कुमार बसू होते. कोटणीस १९४२ सालीं तेथेंच निवर्तले. बसू मायदेशीं परतले, पुढें पुन्हां चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनीं ती विद्या भारतांत आणली.

दाबाची कृति सोपी आहे. डोकेदुखीसाठीं अंगठा व तर्जनी यांच्यामधील मांसल भाग, तसेच मानेच्या मागें कवटीच्या कडेखालीं असलेले दोन खळगे दाबतात. चिंतेसाठीं मनगटाच्या आंतील बाजूस, घडीपासून तीन बोटें वर, आणि दोन भुंवयांच्या मध्यें दाब देतात. स्वस्थ बसून प्रत्येक ठिकाणीं एक-दोन मिनिटें, सोसेल इतकाच दाब द्यावा व श्वास संथपणें सोडावा. गर्भवती स्त्रियांनीं अंगठ्याजवळील स्थान दाबूं नये, असा दंडक आहे.

यानें गुण येतो काय? ॲक्युपंक्चरनें वारंवार उद्भवणारी ताणाची डोकेदुखी कांहीं अंशीं कमी होते, असें प्रयोगांवरून दिसून आलें आहे. नुसत्या दाबाविषयींचा पुरावा त्याहून दुबळा आहे. कारण गुण दाबाचा किती आणि विश्वासाचा किती, हें निवडून काढणें कठीण असतें. तथापि पुस्तक मिटून पांच मिनिटें शांत बसणें हाही विसांवाच आहे, आणि त्यास कांहीं खर्च पडत नाहीं.

धोका आहे तो दाबाचा नव्हे, त्यावरच विसंबून राहण्याचा. डोक्यांत एकाएकीं असह्य कळ आली, तापाबरोबर मान ताठली, दृष्टि अंधुक झाली किंवा हातपाय लुळे पडले, तर तत्काळ डॉक्टर गांठावा. महिन्यांतून पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्यास त्या गोळ्याच डोकेदुखीचें कारण होऊं शकतात. जगणेंच नकोसें वाटूं लागलें, तर तें मनांत दाबून ठेवूं नये. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलतां येतें.

आणि गांवाकडून फोन करणाऱ्या आईबापांनीं ‘अभ्यास किती झाला’ हें विचारण्याआधीं ‘जेवलास का, झोपलास का’ हें विचारावें. पुष्कळशी डोकेदुखी तेथेंच हलकी होते.