रुई, सरकी आणि लिंटियन

आमच्या धनज गावचा कापूस जिनिंगमध्ये गेला की सरकी वेगळी होते आणि रुई हाती येते. या रुईलाच इंग्रजीत लिंट म्हणतात. १९७८ मध्ये बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतल्या चुका हुडकणाऱ्या प्रोग्रामला हेच नाव दिलं, पण कपड्याला चिकटलेल्या तंतूंच्या अर्थानं. आमच्याकडचा माल तिथे झटकून टाकायचा कचरा ठरला! डेबियन या लिनक्स प्रणालीची पॅकेजं तपासणाऱ्या लिंटियनचं नाव त्यावरूनच आलं.

लिंटियन १९९८चं, ख्रिश्चन श्वार्त्झ आणि रिचर्ड ब्राकमन यांचं. सुरुवातीला लिंटियन फक्त सांगायचं: कॉपीराइटची फाइल नाही, अमुक नियम मोडलाय. ऐकायचं की नाही, हे पॅकेज करणाऱ्यावर. २००९ मध्ये डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आला आणि त्याच वर्षी लिंटियनचा शब्दही वजनदार झाला. त्यानं दाखवलेल्या काही चुका असलेलं पॅकेज भांडाराच्या दारातूनच परत जाऊ लागलं.

लिंटियनमधले बदल तपासणं जड झालं ते तेव्हापासून, असं मला वाटतं. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर गाडीतून मूठभर कापूस ओढून बघतो. त्याचा अंदाज चुकला तर अख्ख्या गाडीचा भाव पडतो. इथेही तसंच. स्पेलिंगच्या यादीत एका ओळीची भर पडते: डावीकडे चुकीचा शब्द, उजवीकडे बरोबर. बदल एवढासाच. पण तो ‘चुकीचा’ शब्द दुसऱ्या भाषेत बरोबर असेल तर? कुणाचं आडनाव असेल तर? चूक निसटली तर उद्या सापडेल, पण निर्दोष माणसावर आळ आला की तो इशारे वाचायचंच सोडतो. म्हणून तपासणीच्या प्रत्येक नियमासोबत मुद्दाम बिघडवलेलं छोटंसं पॅकेज ठेवतात. त्यावर इशारा यायलाच हवा. मी त्याच्या जोडीला एक निर्दोष पॅकेजही मागतो.

मार्च २०२४ मध्ये मात्र उलटं घडलं, निसटलेली गोष्टच घातक ठरली असती. फाइली आकसून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्राममध्ये चोरवाट निघाली. प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून ती सापडली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती पोचली नव्हती, पण टेस्टिंगमध्ये शिरली होती. ती जागी करणारी ओळ गिटमधल्या उघड्या कोडमध्ये नव्हती, वाटण्यासाठी बांधलेल्या टारबॉलमध्ये होती. पॅकेज हातात आलं की आता मी दोन्ही शेजारी शेजारी उघडून बसतो.