मालट्रक, हंगाम आणि प्राप्तिकर: तीन दशकांचा मागोवा

अहिल्यानगर जिल्ह्यातला मालवाहतुकीचा धंदा उसाच्या बरोबरीने वाढला. 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस आला आणि 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या तालुक्यांत कारखाने झाले. तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडला नाही तर उतारा घटतो, म्हणून प्रत्येक कारखान्याभोवती बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक लागले. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. उरलेल्या महिन्यांत घोडेगाव किंवा नेप्तीच्या बाजारातला कांदा, खडी, सिमेंट असे मिळेल ते भाडे घ्यायचे, नाहीतर गाडी उभी ठेवायची. एक-दोन गाड्यांच्या अशा मालकाकडे प्राप्तिकराच्या कायद्याने गेल्या तीस वर्षांत कसे पाहिले, हे तपासले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. कायद्याने त्याला सोपेपणा दिला, पण वजावटीची खरी सवलत दुसऱ्याच वाटेने गेली.

1994 पर्यंत छोट्या ट्रकमालकापुढे दोनच पर्याय होते: हिशेब ठेवा किंवा विवरणपत्रच भरू नका. चालकाचा भत्ता, पंक्चर, हमाली, वाटेतली किरकोळ दुरुस्ती यांच्या पावत्या कुणाकडेच नसत, त्यामुळे बहुतेकांनी दुसरी वाट धरली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी कलम 44एई आणले. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याने अवजड वाहनामागे दरमहा 2,000 रुपये आणि इतर वाहनामागे 1,800 रुपये उत्पन्न धरायचे, त्यावर कर भरायचा आणि हिशेबवह्यांतून मोकळे व्हायचे. एका अवजड ट्रकचे वर्षाचे गृहीत उत्पन्न 24,000 रुपये झाले. त्याच अर्थसंकल्पाने करमुक्त मर्यादा 35,000 केली होती, म्हणजे एका ट्रकच्या मालकाला करच लागत नव्हता. ही रक्कम पुढे 2002-03 पासून 3,500 आणि 3,150 झाली. 2010-11 पासून ती 5,000 आणि 4,500 झाली, तर 2014-15 पासून लहान-मोठा भेद काढून सर्व गाड्यांना 7,500 रुपये लागू झाले.

याच काळात वजावटीची दुसरी वाट घसाऱ्याची होती. भाड्याने चालवल्या जाणाऱ्या ट्रकला पूर्वी वर्षाला 40 टक्के घसारा मिळे, 2005-06 पासून तो 30 टक्के झाला. तोच ट्रक मालक स्वतःच्या खडी क्रशरसाठी वापरत असेल तर मात्र घसारा 15 टक्केच, कारण कलम 44एई असो की जादा घसारा, दोन्हींची अट भाड्याच्या धंद्याची आहे. वाहन उद्योग मंदीत सापडला की सरकार हाच दर वाढवते. 1 जानेवारी ते 30 सप्टेंबर 2009 या काळात घेतलेल्या व्यापारी वाहनांना 50 टक्के घसारा मिळाला, आणि 23 ऑगस्ट 2019 ते 31 मार्च 2020 दरम्यान घेतलेल्या भाड्याच्या गाड्यांना 45 टक्के. पण कलम 44एईखाली गृहीत उत्पन्न दाखवणाऱ्याला घसारा वेगळा मागता येत नाही. तो दिलाच आहे असे कायदा मानतो आणि गाडीचे कागदावरचे मूल्य दरवर्षी घटवत जातो. समजा, कर्ज काढून 30 लाखांचा ट्रक घेतला. पूर्ण वर्ष चाललेल्या या गाडीवर हिशेबवह्या ठेवणारा पहिल्याच वर्षी 9 लाख घसारा आणि वर कर्जावरचे व्याज वजा करतो. गृहीत उत्पन्नवाल्याला यातले काहीच वेगळे मिळत नाही. या पद्धतीत सुखी राहतो तो कर्ज फिटलेल्या जुन्या गाडीचा मालक, तर तोट्यात जातो नवी गाडी घेणारा. मंदीतल्या दोन्ही सवलती नव्या खरेदीसाठी होत्या, आणि त्या या पद्धतीतल्या लहान खरेदीदारापर्यंत पोचल्याच नाहीत.

2018 च्या अर्थसंकल्पाने हिशेब पार बदलला. 12 टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या गाडीला दर टनामागे दरमहा 1,000 रुपये उत्पन्न धरायचे ठरले, त्याहून हलक्या गाडीला 7,500 कायम राहिले. 25 टनांच्या दहाचाकी ट्रकचे गृहीत उत्पन्न वर्षाला 90,000 वरून एकदम 3 लाखांवर गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने भार वाहण्याची मर्यादा वाढवली आणि तीन आसांच्या गाडीचे मान्य वजन 25 वरून 28.5 टन झाले, म्हणजे वाढीव वजनाच्या गाडीचे उत्पन्न 3 लाख 42 हजार धरले जाणार. मोठी गाडी जास्त कमावते आणि मोठ्या ताफ्याच्या मालकांनी सारख्या दराचा फायदा घेतला, हे सरकारचे म्हणणे रास्त होते. पण वजनावरून कळते ती गाडीची कुवत. तिला काम किती मिळाले, हे त्यावरून कळत नाही. त्याच ऑक्टोबरअखेर राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात या जिल्ह्यातले तालुकेही होते. उसाचे क्षेत्र घटले आणि 2018-19 मध्ये 107 लाख टनांच्या घरात गेलेले राज्याचे साखर उत्पादन पुढच्या हंगामात 62 लाख टनांच्या आसपास आले. ऊस नसेल तर गाडीला फेऱ्या नाहीत, पण कलम महिने मोजते ते गाडी मालकीची असल्याचे, चालल्याचे नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा की ज्याला परवडत नाही त्याने हिशेब ठेवावेत. पण गृहीत रकमेपेक्षा कमी उत्पन्न दाखवायचे तर हिशेबवह्यांबरोबर चार्टर्ड अकाउंटंटकडून लेखापरीक्षणही करावे लागते. ज्या कागदांच्या अभावामुळे हे कलम आणावे लागले, तेच कागद पुन्हा मागायचे, असा हा पर्याय आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसूट आहे, मग लहान मालकाला झळ कुठे? एका-दोन गाड्यांच्या मालकाला खरोखरच नाही, उलट कागदावर उत्पन्न दिसल्याने कर्ज मिळायला मदतच होते. पण 28.5 टनांच्या चार गाड्यांचे गृहीत उत्पन्न 13 लाख 68 हजार होते आणि त्या मर्यादेबाहेर जाते, मग त्या गाड्या वर्षातले पाच महिने उभ्या का असेनात. धंदा वाढवू पाहणाऱ्यालाच ही मर्यादा आडवी येते. तिसरा आक्षेप पडताळणीचा: गाडी उभी होती हे कोण सांगणार? याचे उत्तर राज्याच्याच कायद्यात आहे. 1958 च्या मोटार वाहन कर कायद्यानुसार गाडी वापरात नसल्याची आगाऊ सूचना परिवहन कार्यालयाला दिली की त्या काळाचा वाहनकर लागत नाही. आता फास्टॅग आणि ई-वे बिलाच्या नोंदींवरून अशी सूचना ताडून पाहणेही सोपे झाले आहे.

1 एप्रिल 2026 ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या प्राप्तिकराच्या नव्या कायद्यातही टनामागे 1,000 रुपयांचे सूत्र तसेच ठेवले आहे. वजनाचे तत्त्व राहू द्यावे, पण परिवहन कार्यालयाने नोंदलेले न-वापराचे महिने त्यातून वगळावेत आणि नव्या गाडीच्या पहिल्या काही वर्षांत कर्जाचे व्याज वेगळे वजा करू द्यावे. भागीदारी संस्थेला भागीदारांचे वेतन आणि व्याज गृहीत उत्पन्नातून वजा करायची मुभा याच कलमात पहिल्यापासून आहे. म्हणजे एकरकमी उत्पन्नातून एखादी वजावट देणे या कायद्याला परके नाही. हंगामावर जगणाऱ्या जिल्ह्यातल्या ट्रकमालकाची मागणी याहून मोठी नाही.