'सॉरी' आणि 'क्षमा'

आज आपण 'सॉरी' हा शब्द घेऊ. कुणाला धक्का लागला की तो सहज तोंडातून जातो. जुन्या इंग्रजीत त्याचं मूळ वेदना या अर्थाच्या शब्दात आहे. 'सोअर थ्रोट'मधला 'सोअर' त्याच कुळातला. म्हणून कुणी गेल्याचं कळलं की इंग्रज माणूस 'आय ॲम सॉरी' म्हणतो, तेव्हा तो चूक कबूल करत नसतो. मला वाईट वाटतं, एवढंच सांगतो.

'अपॉलॉजी'ची गंमत आणखी वेगळी. ग्रीक 'अपोलोगिया' म्हणजे बचावाचं भाषण. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त सॉक्रेटिस इ.स.पूर्व ३९९च्या खटल्यात आपली बाजू मांडतो, माफी मागत नाही.

आता आपली 'क्षमा' पाहा. संस्कृत 'क्षम्' म्हणजे सहन करणे. 'सॉरी'त दुःख बोलणाऱ्याचं असतं. 'क्षमा करा' म्हणताना सोसणारा समोरचा असतो, आणि निर्णयही त्याच्याच हाती. म्हणून ती मागणं जड जातं.

आम्ही इतकी वर्षं शिकवलं. विद्यार्थ्यांना 'सॉरी' पुष्कळदा म्हटलं. क्षमा मागितल्याचं मात्र फारसं आठवत नाही.